अकरावर थांबलेला हात

४ जानेवारी

मेहुणे,

पत्र पाहून दचकू नकोस, मी बरा आहे. फक्त आवाज अजून परत आलेला नाही. ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धक्का बसला, दोन-तीन महिन्यांत येईल असं सर्जन म्हणतात. तोवर नुसती कुजबुज. फोन केला तर पलीकडचा माणूस 'कोण बोलतंय, कोण बोलतंय' करत ठेवून देतो. तुझी ताई म्हणते, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण घरात माझा आवाज तिच्याहून लहान आहे असं पहिल्यांदाच घडतंय. खूश आहे.

दुकान अर्धं उघडतो. उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे सायकलीच मला खुर्चीवर बसलेलं बघायला येतात असं म्हण. दिवसातून सहा वेळा खायचं, चमचा चमचा, आणि खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही. जेवणाची नळी जिथे जठराला मिळते तेवढा भाग काढून उरलेलं ओढून वर जोडलंय, तेव्हा पोट आता छातीत राहतं. भाडेकरू मजला बदलून गेला.

कामाचं सांगतो. तुमच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. अकरा गाठी तपासल्या, अकराही स्वच्छ. तुझ्या ताईने तो कागद चार वेळा वाचून घेतला. तुझ्याच हातून तपासणी झाली म्हणून तिला फार धीर आहे. सर्जन म्हणाले, गाठी स्वच्छ आहेत, तर पुढचं औषध घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी नको म्हटलं. शेजारच्या शिंप्याची बायको ते औषध घेताना कशी झाली होती ते आम्ही दोघांनी पाहिलंय.

एकच विचारायचं होतं. कागद वाचताना सर्जन मध्येच थांबले आणि म्हणाले, "अकराच?" मग कागद घडी करून परत दिला. त्याचा अर्थ काय?

तुझा,
भाऊजी

*

९ जानेवारी

आदरणीय भाऊजी,

तुमचं अक्षर पाहून बरं वाटलं. हात थरथरत नाही हे त्यावरून कळलं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रोग अशा जागी झाला की तो आधी आजूबाजूच्या गाठींमध्ये शिरतो. या गाठी रोगाच्या नसतात, देवाने प्रत्येकाला दिलेल्याच असतात, शरीराच्या चौक्या म्हणा. चरबीत लपलेल्या असतात. कोणी वाटाण्याएवढी, कोणी तांदळाच्या दाण्याएवढी. सर्जन रोगाबरोबर ती चरबीही काढून पाठवतात. ती दोन दिवस फॉर्मलीनच्या बरणीत मुरली की मी टेबलावर घेतो, सुरीने पातळ काप करतो आणि बोटांनी चाचपत एकेक गाठ वेगळी काढतो. मग आमच्या मुख्य डॉक्टर मॅडम त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. किती गाठींत रोग गेलाय त्यावर माणसाचं पुढचं बरंचसं ठरतं. चोवीस वर्षं मी हेच काम करतो आहे.

गाठींची संख्या माणसागणिक कमीजास्त असते. निदान पंधरा तरी सापडाव्यात असं पुस्तकात असतं, पण प्रत्येकाचं शरीर पुस्तक वाचून तयार होत नाही. म्हणून सर्जन थांबले असतील. मनाला लावून घेऊ नका.

तरी माझं एक ऐकाल का? औषध घ्या. स्वच्छ असलं तरी घ्या. ऑपरेशनपासून दोन महिन्यांच्या आत सुरू केलेलं बरं असतं. जास्त विचारू नका, धाकट्या भावाचा हट्ट समजा. मी रोज सकाळी तुमच्यासाठी हात जोडतो.

ताईला नमस्कार सांगा.

तुमचा,
धाकटा

*

१४ जानेवारी

मेहुणे,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं, घरी नेलं नाही. का ते सांगतो.

गाठी स्वच्छ आहेत, पण औषध घ्या. जास्त विचारू नका. हे दोन्ही एका पानावर कसं बसतं? गिऱ्हाईक सायकल घेऊन जायला लागलं आणि मी म्हणालो की पंक्चर काढलंय, चाक एकदम ठीक आहे, पण घरापर्यंत हातात धरून न्या, तर तो काय समजेल?

मी लपवण्यात पटाईत आहे, म्हणून लपवणारा मला लांबून ओळखू येतो. आज तुला सांगतो, तुझ्या ताईला अर्धंच माहीत आहे. घास अडकायला लागला तेव्हापासून आठ महिने मी गप्प होतो. पहिल्यांदा कोरडा घास अडकला, मग भातही. मी म्हणायचो, दुकानात खाऊन आलो. डबा मागच्या गल्लीतल्या कुत्र्याला घालायचो. कुत्रं असं गुटगुटीत झालं की शिंपी म्हणाला, हे कोणाच्या घरचं? तुझी ताई मात्र डबा रिकामा बघून खूश व्हायची. एकदा तिने विचारलं, आज आवडलं का? मी म्हटलं, फार. ते आठवलं की आजही मान खाली जाते. भीती वाटत होती असं नाही म्हणणार. दिसलं नाही की नसतं, असं वाटत होतं.

म्हणून विचारतो. ट्यूब पाण्यात धरली आणि एका जागी बुडबुडे आले, किंवा अर्ध्या फेरीत आलेच नाहीत, तरी हात थांबवायचा नसतो. व्हॉल्व्हपासून व्हॉल्व्हपर्यंत पूर्ण फिरवायची. हे मी तुला शिकवलं होतं, तू शाळेत असताना सुट्टीत दुकानात बसायचास तेव्हा.

तू पूर्ण फिरवलीस का?

भाऊजी

*

२० जानेवारी

आदरणीय भाऊजी,

चार दिवस तुमचं पत्र खिशात घेऊन फिरलो. खोटं लिहायला दोनदा बसलो.

पूर्ण फिरवली नाही.

आमच्याकडे नियम आहे, आपल्या माणसाचा नमुना आपण घ्यायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा. बरणीवरचं नाव वाचल्यावर मी ती बाजूच्या टेबलावर सरकवायला हवी होती. पण वाटलं, दुसऱ्या कोणाला तुम्ही म्हणजे एक क्रमांक आहात. मी जेवढ्या जिवापाड शोधीन तेवढं कोण शोधणार? म्हणून कोणाला न सांगता स्वतः घेतली. ही सेवा आहे असंच मनाला सांगितलं.

त्या दिवशी चौदा नमुने होते. तुमचा शेवटचा घेतला. अकरा गाठी निघाल्या, हाताला सगळ्या मऊ लागल्या. मी दमलो होतो. डोळे चुरचुरत होते. चरबीचा एक भाग, जठराच्या वरच्या काठाजवळचा, मुठीएवढा, तसाच राहिला होता. तो मी परत बरणीत टाकला. मॅडमनी विचारलं, "अकराच?" मी म्हणालो, "इतक्याच आहेत." चोवीस वर्षांत त्यांनी मला दुसऱ्यांदा काही विचारलेलं नाही, त्या दिवशीही विचारलं नाही.

बरणी अजून फडताळात आहे. अहवाल गेल्यावर सहा आठवडे ठेवतात, मग नष्ट करतात. तुमची आठ फेब्रुवारीला जाईल. रोज येता-जाता तिच्यावरचं तुमचं नाव दिसतं. मी एखाद्या दिवशी सगळे जेवायला गेले की ती काढतो आणि उरलेला भाग बघतो. काही निघालं तर तुम्हाला कळवीन, तुम्ही औषध सुरू करा. मॅडमना सांगायची हिंमत मला होत नाही. त्या माझ्याविषयी काय म्हणतील याची मला वाटते तेवढी लाज दुसऱ्या कशाची वाटत नाही, आणि हे लिहितानाही लाज वाटते, कारण प्रश्न तुमच्या जिवाचा आहे.

क्षमा मागायची माझी योग्यता नाही. ताईला हे कळू देऊ नका.

तुमचा,
धाकटा

*

२४ जानेवारी

मेहुणे,

दोन गोष्टी.

पहिली. चोरून बघायचं नाही. सगळे जेवायला गेल्यावर तू जे काढशील ते कोणत्या अहवालात लिहिणार? सर्जनला काय सांगू, माझ्या बायकोच्या भावाने डब्याच्या सुट्टीत बघितलं? तू मॅडमकडे जा. मला त्या कागदावर मॅडमची सही हवी आहे, तुझा पश्चात्ताप नको. पश्चात्ताप मी औषधाच्या बाटलीत घालून नसेत सोडू शकत नाही.

दुसरी. तू दमला होतास हे मला पटत नाही. तू प्यालेलं भांडं दोनदा विसळणारा माणूस. चौदा काय, चाळीस नमुने असते तरी तू शेवटचा तेवढ्याच निगुतीने केला असतास. आणि मला तो दिवस आठवतो. त्या संध्याकाळी तू वॉर्डात आलास, पलंगाच्या पायाशी उभा राहिलास, आणि माझ्या पायांवरची चादर नीट करत राहिलास. ती नीटच होती. तोंडाकडे एकदाही पाहिलं नाहीस. दमलेला माणूस खुर्ची शोधतो.

काय झालं ते लिही. मी तुझ्यावर रागावलोय का? हो. काल दुकानात एका गिऱ्हाइकावर विनाकारण ओरडायला गेलो तर तोंडातून नुसती हवा निघाली. तो हसला, मग मलाही हसावं लागलं. एवढा राग आहे. पण तुझ्याखेरीज हे कोणाशी बोलू? तुझ्या ताईला मी अजून सांगितलेलं नाही. घरात तिच्या तोंडावर समाधान आहे, ते मी बघत बसतो. आपण दोघंही तिला रिकामा डबाच दाखवतोय.

आठ तारीख लांब नाही.

भाऊजी

*

२ फेब्रुवारी

आदरणीय भाऊजी,

आधी अहवालाचं, मग माझं.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मॅडमच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं." मी म्हणालो, हो. "तुम्ही माझ्याकडे बघून इतक्याच आहेत म्हणालात." मी म्हणालो, हो. त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या उठल्या, स्वतः फडताळातून बरणी काढली आणि नव्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली. मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." मी हात धुण्याच्या बेसिनपाशी दोन तास उभा होतो. येणारे-जाणारे विचारत होते, आज काम नाही का?

आणखी नऊ गाठी निघाल्या. एकूण वीस. त्या नऊंपैकी चारांमध्ये रोग आहे. सुधारलेला अहवाल मॅडमच्या सहीने तुमच्या सर्जनकडे गेला आहे आणि मॅडम स्वतः त्यांच्याशी बोलल्या आहेत. ते तुम्हाला या आठवड्यातच बोलावतील. औषध घ्यायचंच आहे, आता ते तुमच्यावर सोडणार नाहीत. अजून उशीर झालेला नाही असं दोघंही म्हणाले.

तुम्ही विचारणार, म्हणून मीच मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ढोबळ धरा, एकाही गाठीत रोग नसता तर शंभरातले साठ-सत्तर जण पाच वर्षांनी असतात. चार गाठी धरल्या की तीसच्या आसपास उरतात. औषधाने त्यात काही वाढतात. कोण वाढतो ते आधी कळत नाही. हे मी जसंच्या तसं लिहितो आहे, एक आकडाही मऊ केलेला नाही.

आता माझं. तुम्ही बरोबर ओळखलंत. मी दमलो नव्हतो.

पहिल्या गाठीपासून मी मनात देवाचं नाव घेत होतो. मऊ निघाली की पुढची. मऊ, पुन्हा मऊ. अकरावी काढली तेव्हा वाटलं, देव ऐकतो आहे. मग त्या उरलेल्या भागावर अंगठा ठेवला आणि अंगठ्याखाली एक टणक खडा लागला. चोवीस वर्षांत तसा खडा लागला की काय असतं ते माझ्या अंगठ्याला माहीत आहे. मी सुरी उचलली. आणि खाली ठेवली. मनाला म्हणालो, ही सर्जनच्या टाक्याची गाठ असेल. टाका तिथे नसतो हे मला माहीत होतं. मग म्हणालो, देवाने अकरा वेळा दिलं, आता पुन्हा त्याची परीक्षा बघायची नाही. आणि तो भाग बरणीत टाकून झाकण घट्ट केलं.

भाऊजी, मी देवाकडे तुम्हाला मागितलं असं तुम्हाला लिहीत आलो. खरं तर त्याच्या नावामागे जाऊन लपलो. परक्या माणसांसाठी मी कधी थांबलो नाही, शेवटचा काप होईपर्यंत शोधलं, त्यांच्या घरी काय होईल याचा विचार न करता. आपल्या माणसापाशी आलो आणि हात राखला. तुमच्यावर माया आहे म्हणून बरणी घेतली, आणि त्या मायेनेच तुमचं वाईट केलं.

आणि अजून एक, जे मला गिळता येत नाही. तो टणक खडा स्वच्छ निघाला. जुन्या कसल्याशा सुजेने चुना धरलेली गाठ, तिच्यात रोग नव्हता. रोग होता त्या चार तिच्याभोवती होत्या, बारीक, मऊ. त्या माझ्या अंगठ्याला लागल्याच नसत्या. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसल्या. म्हणजे मी ज्याला घाबरून झाकण लावलं ते काहीच नव्हतं, आणि ज्या मऊपणाला देवाचा कौल समजलो त्याला काही अर्थ नव्हता.

मला कापणीच्या टेबलावरून काढलं आहे. चौकशी होईल. सध्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावतो. ते योग्यच आहे. सकाळी देवासमोर उभा राहतो, पण हात जोडायला संकोच वाटतो.

ताईला आता सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

धाकटा

*

२७ मार्च

धाकट्या,

तुझं शेवटचं पत्र आलं त्याच दिवशी यांनी मला सांगितलं. कुजबुजत सांगत होते, मी दोनदा म्हटलं, मोठ्याने बोला, आणि मग आठवलं. तुझी सगळी पत्रं वाचली. डब्याचंही यांनीच सांगितलं. कुत्र्याचं. त्या दिवशी मी यांना काही वाढलं नाही, तुमचं तुम्ही घ्या म्हटलं. मग दहा मिनिटांनी वाढलं. सहा वेळा खायचं असतं त्यांना, रुसायला सवड मिळत नाही.

तुला पत्र लिहायला एवढे दिवस लागले, कारण लिहायला बसलं की फक्त एकच वाक्य येत होतं आणि ते लिहून पोस्टात टाकण्यासारखं नव्हतं. आई गेल्यावर मी तुला वाढवलं, तेव्हा ते म्हणायचा हक्क मला आहे. पण नाही म्हणत. यांनी तुला माफ केलंय असं हे म्हणतात. मी अजून केलेलं नाही. होईल तेव्हा कळवीन, तू विचारू नकोस.

औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिली बरी गेली. दुसरीत चार दिवस काही ठरलं नाही पोटात. थंड पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे ट्यूब पाण्यात धरायचं काम शिंप्याचा जावई करतो आणि हे खुर्चीतून त्याच्या चुका काढतात. आवाज थोडा आलाय, चुका काढण्यापुरता.

आता मुद्दा. गेले आठ दिवस हे सारखे मानेच्या डाव्या बाजूला हात लावतात, गळपट्टीच्या हाडाच्या वर. मी विचारलं तर म्हणतात, खाज येते. काल आरशासमोर पकडलं. म्हणाले, काहीतरी लागतं, किंवा भास आहे. मंगळवारी तिसऱ्या फेरीला जायचंच आहे, डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर ऐकत नाहीत. म्हणतात, धाकट्याला बोलव, त्याचा हात लागू दे, तो म्हणाला काही आहे तर दाखवीन, नाही म्हणाला तर उगाच डॉक्टरांचं डोकं खाणार नाही.

इतकं झाल्यावरही यांना तुझाच हात हवा. मला समजत नाही हे. कदाचित तू या वेळी खोटं सांगणार नाहीस याची यांना खात्री आहे. कदाचित सांगशील अशी आशा आहे. मी विचारलं नाही.

रविवारी ये. दारात उभा राहून माफीबिफी मागत बसू नकोस, मला वेळ नसतो. आत ये, हात धू, गरम पाण्याने धू, यांना गार हात सहन होत नाही. जे लागेल ते माझ्यासमोर सांग.

ताई

*

२९ मार्च

ताई,

पत्र आत्ता मिळालं. उद्या सकाळच्या गाडीने येतो, तुला हे मिळायच्या आधी कदाचित मीच पोहोचेन. तरी लिहून ठेवतो, कारण समोर आलो की भाऊजी हसवतील आणि मी त्यांच्या मनासारखं बोलून जाईन. मला माझी ओळख पटली आहे.

मानेला हात लावीन. लागलं तर लागलं म्हणेन, तुझ्यासमोर. पण काही लागलं नाही, मान लोण्यासारखी मऊ लागली, तरी मंगळवारी ती जागा डॉक्टरांना दाखवायची, आणि ते सांगतील तो फोटो काढायचा. भाऊजी नाही म्हणाले, तर मी त्यांच्यासोबत आत जाऊन त्यांच्यादेखत डॉक्टरांना सांगेन. ते रागावतील. रागावू देत.

माझा हात कुठे थांबतो ते तुम्हा दोघांना माहीत झालं आहे. त्यावर थांबू नका.

धाकटा